माणदेशातून कोण काय शोधतं

म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा देवदिवाळीला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते. २०२२ साली ही तिथी २४ नोव्हेंबरला आली. पुढच्या वर्षी अधिक श्रावण पडला आणि तीच तिथी १३ डिसेंबरवर गेली. २०२४ मध्ये २ डिसेंबर, २०२५ मध्ये २१ नोव्हेंबर. यात्रेला येणारा माणूस कॅलेंडरात तिथी बघून एसटीत बसतो, त्याचं काही अडत नाही. पण ज्याने या यात्रेची माहिती इंटरनेटवर लिहून ठेवली आहे आणि किती लोक ती शोधत आले हे जो मोजतो, त्याने नोव्हेंबर २०२३ चे आकडे नोव्हेंबर २०२२ च्या शेजारी ठेवले तर त्याच्या पोटात गोळा येईल. वाचक एकाएकी आटलेले दिसतील. मग तो शीर्षक बदलेल, मजकूर फिरवून लिहील, कुणाला तरी पैसे देऊन सल्ला घेईल. वाचक मात्र कुठेही गेलेले नसतात. यात्राच अजून व्हायची असते.

शोधातून येणारी वर्दळ कशी वाढवावी आणि कशी मोजावी हे शिकवणारे व्हिडिओ आणि पुस्तकं आज ढिगाने मिळतात. त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या दुकानदाराला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. त्याचा हंगाम नाताळचा, आणि नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो. माणदेशाचं, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्याचं, वर्ष तसं चालत नाही. शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात, खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार पौषात, गोंदवल्याच्या महाराजांची पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य दशमीला. डाळिंबाचा मृग बहार जून-जुलैत धरतात, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत. आणि कोणता बहार धरायचा हे शेवटी विहिरीतलं पाणी ठरवतं. लोक या क्रमाने जगतात आणि याच क्रमाने मोबाइलवर प्रश्न विचारतात.

तेव्हा मोजायचं ते तिथीला तिथी लावून. यात्रेच्या आधीचे २१ दिवस, यात्रेचा दिवस आणि नंतरचे ६ दिवस धरले तर बरोबर २८ दिवस होतात, म्हणजे चार पूर्ण आठवडे, त्यामुळे रविवारही सारखे येतात. २०२२ साठी ही मुदत ३ ते ३० नोव्हेंबर अशी पडते आणि २०२३ साठी २२ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर. या दोन तुकड्यांची तुलना केली तरच खरं काय ते कळतं. गुगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन अशी हवी ती तारीख निवडू देतं. त्यात आणखी एक गोम आहे. सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. हिवाळ्यात तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची दुपारची दीड. म्हणून रथयात्रेच्या दिवशी सकाळी कुणी ‘रथ किती वाजता निघतो’ असं शोधलं तर तो शोध आदल्या दिवसाच्या खात्यात पडतो. एकेका दिवसाचा आकडा घेऊन फार बारकाईने निष्कर्ष काढू नयेत, याचं हेही एक कारण.

आणि हे आकडे कायम राहत नाहीत. सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांचाच हिशोब दाखवतं. २०२२ आणि २०२३ च्या दोन रथयात्रांत ३८४ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे १६ महिन्यांत दोन यात्रा कशाबशा बसतात, तीन कधीच नाहीत. दर महिन्याला आकडे उतरवून आपल्याकडे ठेवले नाहीत, तर तीन-चार वर्षांचा कल पाहण्याची सोयच उरत नाही. वहीत लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये ठेवा, पण ठेवा.

इथपर्यंत मोजण्याची गोष्ट झाली. पण मोजण्याआधी सापडायला हवं, आणि माणदेशाची खरी अडचण तिथे आहे.

शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा स्वयंचलित वाचक दुव्यांवरून दुव्यांवर जात पानं गोळा करतो. मग त्या पानांतल्या शब्दांची भलीमोठी सूची तयार होते. आणि कुणी प्रश्न टाकला की या सूचीतून जुळणारी पानं काढून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडलेली कल्पना अशी की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात त्यावरून त्याचं वजन ठरवावं. आज क्रम लावताना इतर असंख्य गोष्टी धरल्या जातात, पण तो पाया अजून शाबूत आहे. या क्रमात वर येण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे देऊन जे वर दिसतं ती जाहिरात असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. पैसे न देता, निव्वळ शोधामुळे येणारी जी वर्दळ, तिला ऑरगॅनिक ट्रॅफिक म्हणतात.

यातला दुसरा टप्पा, सूचीचा, मराठीला अनेक वर्षं आडवा आला. संगणकावर मराठी टंकायला लागलो तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्यामागची अक्षरांची सांकेतिक मांडणीही वेगळी. पडद्यावर ‘दुष्काळ’ दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची भलतीच सरमिसळ. शोधयंत्र आतलं वाचतं, त्यामुळे त्याला त्यात ‘दुष्काळ’ कुठे दिसणारच नाही. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, तरी मराठी छपाईचं जग तिकडे वळायला खूप काळ गेला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून युनिकोडमध्येच वाढला. मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये जालावर आल्या. म्हणून मराठीत काहीही शोधा, या दोन्हींपैकी एक बऱ्याचदा वर येतं.

माणदेशाविषयीचं बरंचसं लिखाण मात्र अजून न सापडणाऱ्या रूपात पडून आहे. यात्रा कमिटीची पत्रिका फोटो म्हणून फिरते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गावाचा सगळा इतिहास असतो, आणि ती स्मरणिका जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये असते. पाण्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होतं आणि चार दिवसांत वाहून जातं. माण देशी फाउंडेशनने २००८ साली म्हसवडला ‘माण देशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं. इथल्या बायाबापड्या इथल्याच बोलीत त्यावर बोलतात, ओव्या गातात, शेळ्या-मेंढ्यांच्या आजारांवर चर्चा करतात. इतका अस्सल मजकूर महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी तयार होत असेल. पण बोललेला शब्द हवेत जातो. ध्वनिफितीला निदान नीट शीर्षक आणि पाच-सात ओळींचा सारांश लेखी जोडला, तर तीच चर्चा दोन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यातल्या मेंढपाळाला सापडू शकते. जे कुणी व्हिडिओ करतात त्यांनाही हेच लागू आहे. यूट्यूब स्टुडिओमध्ये वर्दळ कुठून आली याची फोड मिळते आणि त्यात शोधातून आलेले प्रेक्षक वेगळे दाखवलेले असतात. ‘एकदा नक्की बघा’ अशा शीर्षकाचा व्हिडिओ शोधून कोण येणार? ‘खिलार खोंडाचं वय दातावरून कसं ओळखायचं’ असं लिहिलं तर वर्षानुवर्षं माणसं येत राहतात.

नावाचीही एक पीडा आहे, आणि ती माण तालुक्याच्या वाट्याला जरा जास्तच आली आहे. रोमन लिपीत सरकारी कागदांवर तालुक्याचं नाव अनेकदा अशा रीतीने लिहिलं जातं की त्याचा इंग्रजीतला अर्थ ‘पुरुष’ होतो. ते नाव टाकून शोधणाऱ्याला सातारा जिल्हा दिसण्याची आशा थोडीच. देवनागरीत ‘माण’ लिहिलं तर पुण्याजवळ हिंजवडीला लागून असलेलं माण गाव मध्ये येतं, तिथले फ्लॅट आणि मेट्रो स्टेशन यांच्या बातम्या येतात. उपाय साधा आहे. नुसतं ‘माण’ न लिहिता ‘माण तालुका, सातारा’, ‘म्हसवड’, ‘दहिवडी’, ‘आटपाडी, सांगली’ अशी पूर्ण ओळख शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात यायला हवी. गावातल्या माणसाला ते उगाच लांबण लावल्यासारखं वाटतं, कारण त्याच्यासाठी गाव एकच. शोधयंत्राला मात्र कुणीतरी सांगितल्याशिवाय ते कळत नाही.

शब्दांच्या रूपांचा गुंता याहून मोठा. ‘खिलार’ आणि ‘खिल्लार’ दोन्ही चालतं. ‘डाळिंब’, ‘डाळींब’, शिवाय ‘डाळिंबावरील’, ‘डाळिंबाचा’, ‘डाळिंबाला’. कित्येक लोक देवनागरीत टंकतच नाहीत, मराठी शब्द रोमन अक्षरांत जसा सुचेल तसा लिहितात. बरेच जण बोलून विचारतात. गुगलने भाषा समजून घेणारी बर्ट ही पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह ७० हून अधिक भाषांच्या शोधाला लावली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये गुगलच्या भारतातल्या संशोधकांनी ‘मुरिल’ नावाचं प्रारूप जाहीर केलं. त्याला मराठीसह १७ भाषा शिकवल्या गेल्या आणि रोमन अक्षरांत लिहिलेल्या भारतीय भाषाही. म्हणून आता लेखात एकाच शब्दाची दहा रूपं कोंबायची गरज राहिलेली नाही. कोंबलेला लेख वाचवत नाही आणि शोधयंत्रालाही तो संशयास्पद वाटतो. आपण शुद्ध, सरळ मराठी लिहावं. रूपांचा विचार करायचा तो मोजताना. सर्च कन्सोलमध्ये २०२१ पासून एकाच चाळणीत ‘खिलार किंवा खिल्लार किंवा रोमनमधली त्याची रूपं’ असं एकत्र गाळता येतं. तसं गाळलं नाही तर एकाच प्रश्नाचे वाचक दहा ओळींत विखुरतात आणि प्रत्येक ओळ किरकोळ वाटते.

आता लिहावं काय? माझं ठाम मत आहे की लहान जागेवरून लिहिणाऱ्याने मोठ्या शब्दांच्या मागे लागू नये. ‘डाळिंब लागवड’ या शब्दांवर ॲग्रोवनसारखं २००५ पासून चालणारं दैनिक आहे, कृषी विद्यापीठं आहेत, सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्यांच्यापुढे आटपाडीतल्या एका शेतकऱ्याचं पान वर येणं अवघड, आणि यायला हवंच असंही नाही. त्या संस्थांनी लिहिलेली डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती उत्तम असते. पण ‘माणगंगेच्या काठच्या चुनखडीच्या जमिनीत डाळिंबाची मर कशी आटोक्यात ठेवली’ याचं उत्तर ज्याने ती बाग जगवली त्याच्याकडेच असतं. खोडाला भोकं पाडणाऱ्या पिनहोल बोररने बाग उपटावी लागली, मग त्याच रानात पुढे काय लावलं, हे तोच सांगू शकतो. असं विचारणारे महिन्याला चाळीस असतील. पण त्या चाळिसांना दुसरीकडे कुठेही उत्तर मिळत नाही.

गुगल ज्या लोकांकरवी शोधाच्या निकालांचा दर्जा तपासून घेतं, त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एक नवा निकष आला: लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव. तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे तीन निकष आधी होतेच. या मार्गदर्शिकेवरून एखाद्या पानाचा क्रम थेट ठरत नाही, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुगलने केवळ शोधयंत्रासाठी लिहिलेला, माणसाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर मागे ढकलायला सुरुवात केली होती, आणि मार्च २०२४ मध्ये ती व्यवस्था मुख्य क्रमवारीतच मिसळून टाकली. चार लेख वाचून पाचवा लिहिणाऱ्याचे दिवस त्यामुळे अवघड झाले. ज्याच्या गोठ्यात खिलार आहे त्याचे झाले नाहीत.

खिलारचंच घ्या. या जातीत आटपाडी महाल आणि म्हसवड असे दोन प्रकार इथल्याच गावांच्या नावाने ओळखले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून खोंडांचे भाव आणि विचारपूस दोन्ही वाढली. आदत म्हणजे काय, दुसा कधी होतो, चौसा खोंड घ्यावा का, खरसुंडीच्या बाजारात सौदा कसा होतो, म्हसवडी आणि आटपाडी जनावरांत रंगाचा, शिंगांचा, चणीचा फरक काय, हे विचारणारा माणूस पुणे जिल्ह्यातला असेल, बेळगावकडचा असेल. त्याला हे नीट, लेखी, फोटोंसह सांगणारं पान हवं आहे. तसंच गलाईवाल्यांचं. सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यासाठी खानापूर, आटपाडी, माण या पट्ट्यातली हजारो कुटुंबं देशभरच्या शहरांत जाऊन राहिली. गावच्या जत्रेची तारीख, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कुठवर आलं, जमिनीचा सातबारा कसा काढायचा, हे त्यांची मुलं तिकडून शोधतात. माणदेशाबद्दल लिहिणाऱ्याचा निम्मा वाचक माणदेशाबाहेर आहे असं धरून लिहायला हरकत नाही.

विषय निवडताना लोक गुगल ट्रेंड्स बघतात. ते साधन चांगलं आहे, पण त्यातला आकडा शोधांची संख्या नसतो. ज्या वेळी एकूण शोधांत त्या विषयाचा वाटा सर्वाधिक होता त्याला १०० मानून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. आणि लहान विषयाला ते ‘पुरेशी माहिती नाही’ असं सांगून मोकळं होतं. म्हसवड, दहिवडी यांच्या वाट्याला बहुधा हेच उत्तर येतं. याचा अर्थ कुणी विचारत नाही असा घेऊ नये. त्यापेक्षा विकिपीडियाच्या पानांची वाचकसंख्या बघावी. जुलै २०१५ पासूनचा रोजचा आकडा सर्वांना खुला आहे. माण तालुक्यातल्या मोही गावच्या धावपटू ललिता बाबरने १३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची पात्रता फेरी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत, राष्ट्रीय विक्रम करून पार केली आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. अशा दिवशी नाव उसळून वर येतं आणि पंधरवड्यात खाली बसतं. रथयात्रेची लाट वेगळी, ती दर वर्षी फिरून येते. तेल्या रोगाची आणखी वेगळी, ती पावसाबरोबर चढते. आणि सातबारा कसा काढावा हा प्रश्न बाराही महिने सारखा. लिहिण्याआधी आपला विषय यातल्या कोणत्या चालीचा आहे हे ओळखलं, तर पुढे आकडे बघून घाबरायची वेळ येत नाही.

आता त्या आकड्यांकडे. सर्च कन्सोल चार गोष्टी सांगतं: आपलं पान निकालात किती वेळा दिसलं, त्यावर किती क्लिक झाले, दिसण्याच्या मानाने क्लिकचं शेकडा प्रमाण किती, आणि सरासरी स्थान कितवं. आठवडी बाजारात आपल्या पालासमोरून किती लोक गेले, किती थांबले आणि आपलं पाल रांगेत कितवं होतं, असा हा हिशोब. यातला सगळ्यांत फसवा आकडा सरासरी स्थानाचा. समजा, खिलारवरचा एक लेख महिन्यात १०० वेळा दिसला, सरासरी चौथ्या स्थानावर, आणि १२ क्लिक मिळाले. लेखकाने त्यात दातांवरून वय ओळखण्याचा भाग घातला. पुढच्या महिन्यात जुने १०० तसेच राहिले, शिवाय ‘खोंडाचं वय’ या नव्या प्रश्नाला लेख आणखी ३०० वेळा दिसला, पण चोविसाव्या स्थानावर, आणि तिथून ३ क्लिक आले. आता एकूण सरासरी स्थान चारवरून एकोणीसवर घसरलं. क्लिकचं प्रमाण १२ टक्क्यांवरून पावणेचार टक्क्यांवर आलं. वरवर पाहणारा म्हणेल लेख बिघडला. प्रत्यक्षात जुनं काहीही हललेलं नाही, वाचक वाढले आहेत आणि एक नवा दरवाजा किलकिला झाला आहे. तोच भाग पुढे आणखी नीट लिहिला तर तो उघडेल. म्हणून एकूण सरासरी कधीच बघू नये. एकेका प्रश्नाची ओळ उघडून बघावी. माझ्या मते या सगळ्या साधनांतली खरी किंमत त्या ओळींतच आहे, कारण तिथे माणसं त्यांच्या स्वतःच्या शब्दांत काय विचारतात ते दिसतं.

त्या ओळींनाही एक मर्यादा आहे. जे प्रश्न फार थोड्या लोकांनी विचारले ते गुगल खासगीपणासाठी दाखवत नाही. ते एकूण क्लिकमध्ये धरलेले असतात, यादीत नसतात. इंग्रजीपेक्षा मराठी पानाला याची झळ जास्त लागते, कारण आपल्याकडे एकच प्रश्न इतक्या रूपांत लिहिला जातो की प्रत्येक रूप विचारणारे थोडेच उरतात. यादीतल्या क्लिकची बेरीज एकूण क्लिकपेक्षा बरीच कमी भरली तर दचकू नये. मग कोणत्या पानावर किती आले हे बघावं; पानांचा हिशोब असा गाळला जात नाही.

गुगल ॲनालिटिक्स हे दुसरं साधन, माणूस पानावर आल्यानंतर काय करतो ते सांगणारं. तिथे शोधातून आलेले आणि ‘डायरेक्ट’ आलेले असे वेगळे कप्पे असतात. डायरेक्ट म्हणजे पत्ता टंकून आलेले असं समजलं जातं. आपल्याकडे त्यात व्हॉट्सॲपवरच्या लिंकवर बोट ठेवून आलेल्यांचा मोठा भरणा असतो, कारण ते कुठून आले याची खूण बहुधा सोबत येत नाही. गावाच्या ग्रुपवर लिंक पडली की त्या संध्याकाळी आकडा उडतो आणि दुसऱ्या दिवशी बसतो. तो आनंद खरा असला तरी ती शोधाची वर्दळ नव्हे. गुगलच्या मोबाइल पडद्यावर आपोआप सुचवले जाणारे लेख, म्हणजे डिस्कव्हर, हाही वेगळाच कप्पा. तिथे कुणी प्रश्न विचारलेला नसतो. शहराच्या नावांवरही फार भिस्त ठेवू नये. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट मोठ्या शहरातल्या केंद्रातून जात असल्याने दहिवडीत बसलेला वाचक पुण्याचा किंवा मुंबईचा दिसू शकतो.

अलीकडे एक मोठा बदल झाला आहे आणि तो लपवून चालणार नाही. प्रश्न विचारल्यावर गुगल आता स्वतःच एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर वर दाखवतं. भारतात हे ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत सुरू झालं. ‘गोंदवलेकर महाराजांचं निर्वाण कधी झालं’ याचं उत्तर २२ डिसेंबर १९१३ असं वरच मिळालं तर पानावर कोण येणार? अशा एका ओळीच्या उत्तरांवर उभं केलेलं लिखाण यापुढे टिकणार नाही असं मला वाटतं. दिसण्याचा आकडा तसाच राहून क्लिक घटत गेले तर हे कारण आधी तपासावं. पण गोंदवल्याला चार माणसांनी मुक्कामाला जायचं असेल, सोबत म्हातारी आई असेल, तर काय काय विचारून ठेवावं, कोणत्या दिवसांत गर्दी टाळावी, हे जो दर वर्षी जातो तोच लिहील आणि वाचणारा ते शेवटपर्यंत वाचेल.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला या भागांत राहणाऱ्यांना, आणि तिथून बाहेर गेलेल्यांनाही माझं सांगणं आहे. तुम्हाला लोक फोन करून जो प्रश्न वारंवार विचारतात तो एक प्रश्न घ्या. त्याचं उत्तर युनिकोड मराठीत, फोटोत नव्हे तर मजकुरात लिहा. वर गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव घाला आणि खाली तारीख. गावातली शाळा, ग्रामपंचायत, शेतकरी गट यांचं पान असेल तर त्यांना तुमच्या लेखाचा दुवा द्यायला सांगा. विकत घेतलेल्या शंभर दुव्यांपेक्षा हा एक जास्त मोलाचा. मग सहा महिने धीर धरा, दर महिन्याला आकडे उतरवा, आणि लोकांनी विचारलेले नवे प्रश्न दिसतील तसतसा लेखात भर घाला. सर्च कन्सोल वापरायला एक पैसाही लागत नाही. गुगलचं खातं हवं आणि ते पान तुमचंच आहे याची खात्री एकदा पटवून द्यावी लागते.